घरात स्किझोफ्रेनिया शिरतो तेव्हा: ओळखायचं कसं, वागायचं कसं

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा कॉलेजला जायचं टाळायला लागतो. घरच्यांना वाटतं, विषय राहिले असतील. मग तो मित्रांचे फोन घेईनासा होतो, रात्र-रात्र जागतो, आंघोळीची टाळाटाळ करतो, जेवणाचं ताट खोलीत नेऊन दार लावून घेतो. मोबाइलचा नाद लागलाय, प्रेमभंग झालाय, संगत बिघडलीये, असे अंदाज बांधण्यात पाच-सहा महिने निघून जातात. आणि एके दिवशी तो आईला दबक्या आवाजात सांगतो, की समोरच्या इमारतीतली माणसं माझ्यावर पाळत ठेवून आहेत, बातम्या देणारा माणूस माझ्याबद्दलच बोलतोय.

स्किझोफ्रेनियाची सुरुवात पुष्कळ घरांत साधारण अशीच होते. मुलींमध्ये तो मुलांपेक्षा काही वर्षं उशिरा सुरू होतो. तोवर अनेकींचं लग्न झालेलं असतं, त्यामुळे माहेरी ‘सासरचा जाच’ आणि सासरी ‘हिची नाटकं’ असा अर्थ लावला जातो. दोन्हीकडे वेळ तेवढाच वाया जातो.

माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणात, आणि नंतर आधारगटात इतर घरांचं ऐकताना, एक उणीव मला सारखी जाणवत आली. गोळ्या लिहून देणारे डॉक्टर मिळतात. पण घरी आल्यावर या माणसाशी बोलायचं कसं, हे कोणी सांगत नाही. आणि घरातलं बोलणं हा या आजारात उपचाराचाच भाग आहे. त्याला संशोधनाचा आधार आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आजार नेमका कसला

साधारण शंभरात एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार होतो. सुरुवात बहुधा पंधरा ते तिशीच्या दरम्यान. गरीब-श्रीमंत, शिकलेलं-न शिकलेलं, शहर-खेडं, कुठल्याही घरात तो येऊ शकतो. एकाच माणसात दोन व्यक्ती राहतात अशी जी समजूत सिनेमांनी पसरवली, तिचा याच्याशी संबंध नाही.

कुठल्या गोष्टीकडे लक्ष द्यायचं आणि कुठली सोडून द्यायची, याची निवड मेंदूत सतत चाललेली असते. त्यात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. मेंदूच्या काही भागांत त्याचा कारभार बिघडला की क्षुल्लक गोष्टींनाही अर्थ चिकटायला लागतो. शेजाऱ्याचं खोकणं हा इशारा वाटतो. गाडीच्या नंबरप्लेटवरचे आकडे आपल्यासाठीच लिहिलेत असं वाटतं. जे जाणवतंय ते शंभर टक्के खरं वाटत असतं, म्हणून मन त्याच्यासाठी एक कहाणी रचतं: कोणीतरी माझ्या मागावर आहे. आपण तिला भ्रम म्हणतो. कोणी नसताना आवाज ऐकू येणं हा भास. हे आवाज बहुतेक वेळा टोमणे मारतात, शिव्या देतात, हुकूम सोडतात. ज्याच्या कानात दिवसभर कोणीतरी शिव्या घालतंय, तो तुमच्या एका हाकेला उत्तर देत नाही यात नवल नाही.

हा आजार का होतो, याचं एकच एक उत्तर नाही. आनुवंशिकतेचा वाटा आहे. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाचा धोका शंभरात एकावरून शंभरात दहाच्या आसपास जातो. तंतोतंत सारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तर दुसऱ्याचा धोका ४० ते ५० टक्क्यांपर्यंत सांगितला जातो. म्हणजे जनुकं सारखी असूनही निदान निम्म्या जणांना तो होत नाही. गर्भात किंवा जन्माच्या वेळी झालेली गुंतागुंत, कोवळ्या वयातलं गांजाचं व्यसन, मोठे मानसिक आघात यांचाही हात असतो.

आईच्या वागण्यामुळे मात्र तो होत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आधारगटात नव्यानं आलेली जवळपास प्रत्येक आई हाच प्रश्न विचारते. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या काही मानसोपचारतज्ज्ञांनी आईच्या थंड, हुकमी स्वभावातून हा आजार येतो असं मांडलं होतं. पुरावा मिळाला नाही आणि ती मांडणी मागे पडली, पण तोवर कित्येक आयांनी तो दोष पदरी घेतला होता. तुम्ही नोकरी केलीत म्हणून, लहानपणी मारलंत म्हणून किंवा हॉस्टेलवर ठेवलंत म्हणून हा आजार झालेला नाही.

‘आळशी’ दिसणारी लक्षणं

भास आणि संशय लवकर नजरेत भरतात आणि औषधांना प्रतिसादही बऱ्यापैकी देतात. घराची खरी दमछाक करतात ती दुसऱ्या प्रकारची लक्षणं. माणसातून काहीतरी वजा होतं. उमेद जाते, चेहऱ्यावरचे भाव जातात, बोलणं एका-एका शब्दावर येतं. सकाळी गादीवरून उठून दात घासायला जाणं हेसुद्धा डोंगराएवढं काम होऊन बसतं.

आमच्याकडे बादली हा भांडणाचा विषय होता. आई गरम पाणी काढून ठेवायची, ‘आंघोळ करून घे’ म्हणून तीनदा हाक मारायची, पाणी निवून जायचं आणि चौथ्या हाकेला तिचा आवाज चढायचा. बाबा पेपर खाली ठेवून म्हणायचे, ‘एवढा घोडा झालाय, स्वतःची आंघोळ जमत नाही.’ यातलं कोणीच दुष्ट नव्हतं. पुढे एका समुपदेशक बाईंनी आईला सुचवलं की हाक मारू नका, टॉवेल आणि कपडे घेऊन त्याच्या खोलीच्या दाराशी उभ्या राहा आणि एवढंच म्हणा, ‘चल, पाणी काढलंय, मी न्हाणीपर्यंत येते.’ आठवड्यातून तीन दिवस आंघोळ झाली तरी पुरे, असंही त्या म्हणाल्या. बादलीवरचं भांडण त्यानंतर हळूहळू थांबलं. त्याला आंघोळ नको होती अशातला भाग नव्हता. ‘करायचं’ आणि ‘करायला लागायचं’ यांच्यामधला सांधाच आजारात निखळतो, आणि कोणीतरी सोबत चालू लागलं की तो जुळायला मदत होते.

लक्ष न लागणं, वाचलेलं लक्षात न राहणं, दोन कामं एकामागून एक न जमणं हेही आजारातच येतं. पूर्वी वर्गात पहिला येणारा मुलगा किराणा दुकानातून चारपैकी दोनच वस्तू आणतो, तेव्हा त्याचा स्वतःचाही स्वतःवर विश्वास उरलेला नसतो. यादी लिहून द्या. वाढतं वय किंवा बेफिकिरी समजून सोडून देऊ नका, आणि टोचूनही बोलू नका.

दुसरं काही असू शकतं का?

असू शकतं, म्हणून निदान डॉक्टरांनीच करायचं. आठवडा-दोन आठवडे झोप न लागताही उत्साह ओसंडून वाहणं, वाटेल तसा पैसा उधळणं, मोठमोठे बेत आखणं आणि मग केव्हातरी खोल उदासीत जाणं, हे बायपोलर आजाराकडे बोट दाखवतं. तीव्र नैराश्यातही भास होऊ शकतात. दारू, गांजा, थायरॉइडचे विकार, अपस्मार, मेंदूला झालेला संसर्ग यांतही माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि ताप असेल, शुद्ध हरपत असेल, लक्षणं एक-दोन दिवसांत उफाळली असतील तर आधी जनरल हॉस्पिटल गाठायचं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाई भलतंसलतं बोलू लागली, बाळाबद्दल विचित्र संशय घेऊ लागली, तर ते ‘बाळंतवारं’ म्हणून घरात ठेवू नका. आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

देवर्षी, गंडेदोरे आणि लग्न

बाहेरचं लागलंय, करणी केलीये, अंगात आलंय. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञाच्या आधी बहुतेक कुटुंबं देवर्षी नाहीतर भगत गाठतात, शिकलेली कुटुंबंसुद्धा. या लोकांना हसण्यात अर्थ नाही. घाबरलेलं घर जिथे दिलासा मिळेल तिथे धावतं, आणि गावात मानसोपचारतज्ज्ञ नसतो पण देवर्षी असतो. आजीला नवस बोलायचा असेल तर बोलू द्या. त्यावरून घरात फूट पाडू नका. फक्त तीन गोष्टी ठाम असाव्यात: औषध थांबणार नाही, अंगावर हात टाकला जाणार नाही, बांधून ठेवलं जाणार नाही.

तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी इथे दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवून घेणारे आश्रम होते. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एकाला आग लागली आणि २८ जण मेले. साखळदंडांनी बांधलेले असल्यानं त्यांना पळता आलं नाही. त्यांना तिथे ठेवणारी बहुतेक घरंच होती, आणि त्यांतल्या पुष्कळांची समजूत आपण त्यांचं भलं करतोय अशीच असणार. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीनं किंवा दोरानं बांधणं, चटके देणं हा गुन्हा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही मनोरुग्णाला साखळीनं बांधायला साफ मनाई करतो.

लग्नाचं तर मला देवर्षीपेक्षाही जास्त भय वाटतं. ‘लग्न करून द्या, जबाबदारी पडली की येईल ताळ्यावर’ हा सल्ला घरातली वडीलधारी मंडळी इतक्या सहजतेनं देतात, की तो न ऐकणाराच विक्षिप्त ठरतो. लग्नानं आजार बरा होत नाही. उलट नवं घर, झोपेची वेळ बिघडणं, अपेक्षांचा ताण, आणि सासरी कळू नये म्हणून लपवलेल्या किंवा थांबवलेल्या गोळ्या, यानं तो उलटतो. मग समोरच्या माणसाची फसवणूक होते ती वेगळीच. आजार असलेल्यांनी लग्न करूच नये, असं मी म्हणत नाही. आजार आटोक्यात असताना, समोरच्याला सगळं सांगून, डॉक्टरांशी बोलून केलेली लग्नं टिकलेली मी पाहिली आहेत. पण ते औषध म्हणून करू नका.

‘मला काही झालेलं नाही’

दवाखान्यात न्यायचं म्हटलं की पहिला अडसर हाच. या आजारात अनेकांना आपल्याला आजार आहे हेच जाणवत नाही. तो हट्ट नसतो. स्वतःकडे बघण्याची मेंदूची क्षमताच आजारानं ग्रासलेली असते. म्हणून वाद घालून, पुरावे देऊन, शपथा घालून त्याला पटवण्याचा प्रयत्न फसतो. भ्रम पुराव्यानं खोडता आला असता तर तो भ्रम राहिलाच नसता.

समजा मुलगा जेवायला बसत नाही. म्हणतो, ‘आई, भाजीत काहीतरी घातलंय.’ तोंडात पटकन येतं ते उत्तर म्हणजे, ‘वेड्यासारखं काय बोलतोस? मी तुझी आई, मी तुला विष घालीन?’ आईचं मन दुखावलेलं असतं, त्यामुळे हे समजण्यासारखं आहे. पण यानं तो एकटा पडतो आणि आईसुद्धा ‘त्यांच्यातली’ होते. दुसरीकडे, ‘हो रे, असेल कोणी घातलेलं,’ असं म्हणून संशयाला दुजोरा देणंही घातक. मधली वाट अशी:

‘तुला जेवताना भीती वाटते का रे?’

‘वाटते. वास येतो त्याचा.’

‘मला तो वास येत नाहीये. पण तुला येतोय आणि त्यानं तुझी भूक मेलीये, हे दिसतंय मला. किती त्रास होत असेल. आपण एकाच पातेल्यातनं दोघांना वाढून घेऊ या? मी तुझ्यासमोर आधी खाते.’

इथे आईनं खोटं काही सांगितलेलं नाही. संशय खरा की खोटा या वादात ती शिरली नाही, संशयामागची भीती तिनं ओळखली. यातूनच पुढे दवाखान्याचा रस्ता निघतो. ‘तुला वेड लागलंय, डॉक्टरकडे चल’ याला तो कधीच तयार होणार नाही. पण ‘तू किती दिवस झोपलेला नाहीस, झोपेसाठी कोणाला तरी दाखवू’ याला होऊ शकतो, कारण झोप उडाल्याचं त्यालाही जाणवत असतं. त्याला जे दुखतंय तिथून सुरुवात करा. घरच्या डॉक्टरांवर विश्वास असेल तर पहिली भेट त्यांच्याकडे. घरात ज्याचं तो ऐकतो, मग ती मावशी असेल, आतेभाऊ असेल, शाळेतले सर असतील, त्यांना सोबत घ्या. आणि एकाच वेळी सहा जणांनी घेरून बोलू नका.

यायला तो अजिबातच तयार नसेल तर घरच्यांनी आधी एकटं जाऊन डॉक्टरांना भेटावं. जाताना केव्हापासून काय बदललं, झोप किती, खाणं किती, कोणता नशेचा पदार्थ, घराण्यात कोणाला असा आजार, हे कागदावर लिहून न्या. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून तपासणी आणि औषधं मिळतात. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्य सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. ‘येरवड्याला पाठवू’ किंवा ‘ठाण्याला टाकू’ हे आपल्याकडे धमकी म्हणून वापरतात. ज्या दारात उद्या उपचारासाठी जायची वेळ येऊ शकते, त्या दाराची भीती आज आपणच घालून ठेवतो.

गोळ्या

१९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला, तिथून या आजारावरच्या आधुनिक औषधांचा काळ सुरू होतो. त्याआधी अनेक माणसं आयुष्यभर कोठडीत असत. आज रिस्पेरिडोन, ओलांझापिन, अरिपिप्रॅझोल अशी कितीतरी औषधं आहेत. झोप आणि अस्वस्थता काही दिवसांत सुधारते, पण संशय आणि आवाज निवळायला कित्येक आठवडे लागू शकतात. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून डॉक्टर बदलू नका. दोन औषधं पुरेसा काळ देऊनही गुण आला नाही तर क्लोझापिन हा पर्याय असतो. त्यानं अनेकांचं आयुष्य पुन्हा उभं राहिलं आहे, पण पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून ठरल्या वेळी रक्ततपासणी चुकवायची नाही.

सगळ्यात मोठी चूक घडते ती बरं वाटल्यावर. ‘आता छान आहे की, कशाला आयुष्यभर विषारी गोळ्या?’ असं कोणीतरी पाहुणा म्हणतो आणि गोळ्या बंद होतात. लगेच काही होत नाही, त्यामुळे तो निर्णय बरोबर वाटतो. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, झोप बिघडायला लागते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या झटक्यानंतरही बरं वाटू लागल्यावर निदान एक-दोन वर्षं औषध चालू ठेवतात, आजार पुन्हा उलटला असेल तर त्याहून बराच जास्त काळ. कमी करायचं ते डॉक्टरांनी, हळूहळू. उपवासाच्या दिवशीसुद्धा गोळी चुकवायची नाही.

दुष्परिणाम खरे असतात, त्यांची तक्रार ऐकून घ्या. हात थरथरणं, अंग आखडणं, सुस्ती, वजन वाढणं, साखर वाढणं, पाळी अनियमित होणं, लैंगिक इच्छा कमी होणं. यातलं शेवटचं तरुण मुलगा आईबापांना सांगणार नाही, तो फक्त गोळी थुंकून टाकेल. त्याला डॉक्टरांशी एकट्यानं बोलायला वेळ मिळाला पाहिजे. एकाजागी बसवत नाही, पाय सारखे हलवावेसे वाटतात, घरभर येरझाऱ्या, असं झालं तर घरच्यांना आजार वाढला असं वाटतं, पण पुष्कळदा तो औषधाचाच त्रास असतो आणि त्यावर उपाय आहे. आणखी एक बारीक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. सिगारेट-बिडीच्या धुरामुळे ओलांझापिन आणि क्लोझापिन शरीरातून लवकर निघून जातात. कोणी एकदम बिडी सोडली तर त्याच डोसचं रक्तातलं प्रमाण वाढतं. सोडणं चांगलंच, पण डॉक्टरांना सांगून.

चहातून, आमटीतून चोरून गोळी देण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण ते घरोघरी चालतं. हतबल झालेल्या आईला मी दोष देणार नाही. पण ज्याला आधीच अन्नात काहीतरी मिसळल्याचा संशय आहे, त्याच्या हाती ते लागलं तर त्याचा संशय खरा ठरतो आणि तुमच्यावरचा विश्वास जातो. डॉक्टरांना हे लपवू नका. महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं मिळतात, त्यांची चौकशी करा.

घराचं तापमान

१९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाला एक विचित्र गोष्ट दिसली. इस्पितळातून सुटलेले जे पुरुष आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेले, त्यांचा आजार खोली भाड्यानं घेऊन किंवा भावंडांकडे राहणाऱ्यांपेक्षा जास्त उलटत होता. मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरच्यांच्या मुलाखती घेऊन बोलण्याचा सूर मोजला. सतत टीका, मनातली चीड, आणि जिवाचा आटापिटा करून केलेली अति काळजी, यांपैकी एखादी गोष्टही जिथे जास्त होती, तिथे आजार परतण्याचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. अशा नातेवाइकासोबत आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त समोरासमोर जात असतील तर धोका आणखी वाढत होता. नंतर अनेक देशांत हाच निष्कर्ष पुन्हा पुन्हा निघाला.

१९८० च्या दशकात चंदीगडमध्ये तशीच मोजणी झाली. लंडनच्या मानानं इथल्या घरांत टीकेचा सूर बराच कमी आढळला आणि वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाणही कमी निघालं. एकत्र कुटुंबातली एखादी काकू, एखादे आजोबा त्या मुलाला शांतपणे सोबत घेऊन बसतात, त्याच्यावर कोणी एकटंच चोवीस तास डोळे लावून बसलेलं नसतं, हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं. आता आपली घरं तीन खोल्यांची आणि तीन माणसांची झाली आहेत, तेव्हा ही मोकळी जागा मुद्दाम तयार करावी लागते. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या कुटुंबीयांना सोबत राहायला बोलावलं, आजार समजावून सांगितला, सेवेत सामील करून घेतलं. घरच्यांना बाजूला सारण्याच्या काळात हे फार धाडसाचं होतं.

रोजच्या व्यवहारात याचा अर्थ असा, की वाक्य छोटं ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा. ‘तू नेहमीच असं करतोस’ याऐवजी ‘रात्री दोन वाजता टीव्हीचा आवाज मोठा होता, मला झोप लागली नाही’ म्हणा. केलेल्या कामाची दखल घ्या, अगदी कप विसळून ठेवला तरी. चुलतभावाच्या पॅकेजशी तुलना नको. दिवसातले काही तास तुम्ही आणि तो वेगवेगळ्या ठिकाणी असा. तो आधारगटात, कार्यशाळेत किंवा मामाच्या दुकानात बसू शकतो, तुम्ही तुमच्या भजनी मंडळात किंवा फिरायला जा.

अति काळजी हीही टीकेइतकीच जड असते, हे पचायला अवघड जातं. पस्तिशीच्या मुलाला भरवणारी, त्याच्या बुटांच्या नाड्या बांधणारी आई मी पाहिली आहे. तिच्या मायेला मोजमाप नाही. पण त्या मुलाला स्वतःचे हात वापरायला जागाच उरलेली नव्हती.

संकटाची वेळ

झोप कमी होणं, चिडचिड, पुन्हा एकटं बसणं, देवाधर्माचा एकदम वाढलेला नाद: आजार उलटण्याआधीच्या खुणा प्रत्येकाच्या ठरलेल्या असतात. तो बरा असताना त्याच्यासोबत बसून त्याची स्वतःची यादी करा. मग डॉक्टरांना लवकर फोन जातो आणि भरती करायची वेळ कमी येते.

‘आता जगण्यात अर्थ नाही’ असं तो म्हणाला, किंवा आवाज त्याला स्वतःला इजा करायला सांगत असतील, तर सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं डोक्यात विचार शिरत नाही, मनातलं बोलायची वाट मोकळी होते. त्याला एकटं ठेवू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. इस्पितळातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे विशेष जपायचे असतात. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा होईल ही भीती आता बाळगू नका. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि उपचार देणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. माणूस स्वतःच्या इच्छेनं भरती होऊ शकतो. तो निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि धोका असेल तर त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी (त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे) अर्ज करू शकतो, दोन तज्ज्ञ स्वतंत्रपणे तपासतात आणि ठरावीक मुदतीपुरती भरती होते. घरात आटोक्याबाहेर परिस्थिती गेली आणि त्याला किंवा इतरांना धोका असेल, तर पोलिस ठाण्याच्या प्रमुखानं त्याला संरक्षणात घेऊन सरकारी आरोग्य केंद्रात तपासायला नेणं हे कायद्यानं त्याचं कर्तव्य आहे. गुन्हेगाराला पकडायला नाही, आजारी माणसाच्या मदतीला बोलावतोय, हे पोलिसांना फोनवरच स्पष्ट सांगा. बहुतेक रुग्ण हिंसक नसतात. त्यांच्याच अंगावर लोक हात टाकतात, असं मी जास्त वेळा पाहिलं आहे.

विजेच्या उपचाराबद्दलही दोन शब्द. आज तो भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय करायला कायद्यानं बंदी आहे. काही गंभीर अवस्थांत तो जीव वाचवतो. सिनेमातलं दृश्य डोळ्यांपुढे आणून नकार देऊ नका, डॉक्टरांना प्रश्न विचारून ठरवा.

शुभंकर

आधारगटांत रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. शुभंकर बहुतेक वेळा आई असते, तिच्यानंतर बहीण किंवा बायको. तिची पाठ दुखते, बीपी वाढतो, ती हळदीकुंकवाला जायचं सोडते, कारण ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. मूळचे धुळ्याकडचे आणि कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक राहिलेले दिवंगत जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. ठाण्यातही आयपीएच या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेत शुभंकरांचे गट चालतात. तिथे पहिल्यांदा गेलेली बाई बहुधा तासभर नुसती रडते आणि कोणी तिला थांबवत नाही, कारण खोलीतल्या प्रत्येकाला ते रडणं ठाऊक असतं. पुढच्या वेळी ती वही घेऊन येते.

घरातल्या दुसऱ्या मुलांनाही सांगायला हवं. दादाला काय झालंय हे कोणी न सांगितलेली दहा वर्षांची मुलगी स्वतःच उत्तर शोधते, आणि ते बहुधा खऱ्यापेक्षा भयंकर असतं. ‘दादाच्या मेंदूला आजार झालाय, त्याला जे ऐकू येतं ते आपल्याला येत नाही, तुझ्यामुळे झालेलं नाही, तो औषध घेतोय,’ एवढं तिला कळतं.

आमच्यानंतर कोण?

आईवडील साठी ओलांडतात तेव्हा हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. त्याची तजवीज तो बरा असतानाच, त्याला सोबत घेऊन करायची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून तपासणी होऊन अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्याचं ओळखपत्र मिळतं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर योजनांचे फायदे घेता येतात. ‘शिक्का बसेल’ म्हणून अनेक जण ते काढत नाहीत, आणि पुढे भावंडांवर सगळा खर्च येतो. २०१७ च्या कायद्यानं विमा कंपन्यांनाही शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांना विमासंरक्षण देणं बंधनकारक केलं आहे.

त्याच कायद्यानं आजारी व्यक्तीला आणखी दोन हक्क दिले आहेत. निर्णय घेता येत नसेल त्या काळासाठी आपला प्रतिनिधी कोण, हे तिनं आधीच लेखी ठरवून ठेवायचं. आणि कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, याची आगाऊ सूचना लिहून ठेवायची. आमच्या घरी हे कागद करायला बसलो तेव्हा भावानं प्रतिनिधी म्हणून माझ्याऐवजी आमच्या मावसभावाचं नाव सांगितलं. मला वाईट वाटलं, हे खरं. कारण विचारलं तर म्हणाला, ‘तू घाबरतेस. तो घाबरत नाही.’ मावसभावाला फोन लावला, तो रविवारी आला, कागदावर सह्या झाल्या. घरातल्या निळ्या फाइलमध्ये आता त्या कागदामागे औषधांची चालू यादी आहे, डॉक्टरांचे दोन फोन नंबर, बँकेच्या खात्याचा तपशील, आणि त्याच्याच अक्षरात लिहिलेला एक कागद: झोप चार तासांच्या खाली आली की मला न विचारता डॉक्टरांना फोन करा.